ऑफर मिशिगनची आहे, पण कुठल्या गाडीवरची?

तुम्ही चाकणला गाडीच्या बॅटरी पॅकच्या हाउजिंगवर (बाहेरच्या पेटीवर) काम करता, मिशिगनमधल्या नोव्हीतल्या एका सप्लायरकडून ऑफर आलीय आणि घरचे म्हणतायत, ‘अमेरिकन गाडीकंपन्या तोट्यात आहेत, २००९सारखं झालं तर?’ मी इथे बरीच वर्षं एका टियर-वनमध्ये (गाडीकंपनीला थेट पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत) आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००९ची भीती बाजूला ठेवा. तेव्हा गाड्यांना गिऱ्हाईकच नव्हतं, जनरल मोटर्स (जीएम) आणि क्रायस्लर दोघांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. आज गाड्या विकल्या जातायत, दुखणं वेगळं आहे.

फोर्ड, जीएम आणि स्टेलँटिस (क्रायस्लरची आताची मालक कंपनी) यांचं पोट मोठ्या पिकअप आणि एसयूव्हींवर चालतं. आयात पिकअपवर १९६४पासून २५ टक्के जकात आहे, त्या आडोशाला हा धंदा फोफावला. छोट्या गाड्यांत सुटत काही नाही, म्हणून फोर्डने २०१८मध्ये इथे सेडान बंद करायचं जाहीर केलं. २०२५मध्ये नव्या गाडीची सरासरी किंमत ५० हजार डॉलरच्या वर गेली. शोरूममध्ये सेल्समन किमतीचं बोलतच नाही. ‘महिन्याला किती जमेल?’ एवढंच विचारतो आणि ८४ महिन्यांच्या कर्जाचा कागद पुढे सरकवतो. सात वर्षं! किती घरांना हे झेपणार?

पिकअपने कमावलेलं इलेक्ट्रिकने खाल्लं. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाचा तोटा २०२३मध्ये ४.७ अब्ज डॉलर, २०२४मध्ये ५.१ अब्ज. ३० सप्टेंबर २०२५ला गिऱ्हाइकाला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत संपली आणि डिसेंबरात फोर्डने १९.५ अब्जांचा फटका जाहीर करून एफ-१५० लाइटनिंग ही पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप गुंडाळली. गाडी बनवायला चार-पाच वर्षं लागतात, सरकार चार वर्षांनी बदलू शकतं. त्यात २०२५मध्ये आयात गाड्यांवर २५ टक्के जकात आली, पोलाद-ॲल्युमिनियमवर ५० टक्क्यांपर्यंत गेली. शेव्ही ट्रॅक्ससारख्या जीएमच्या स्वस्त गाड्या कोरियातून येतात, म्हणजे आपल्याच गाडीवर जकात भरा. एका तिमाहीत जीएमला हे १.१ अब्जांना पडलं. चीनमधला धंदा बसला तो वेगळाच.

इथे पार्टीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘युनियनने बुडवलं.’ २०२३चा संप सहा आठवडे चालला आणि करारात २५ टक्के वाढ मिळाली, हे खरं. पण २००९नंतर याच कामगारांनी वर्षानुवर्षं कमी पगार सोसला होता. मला तरी हे खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय असं वाटतं.

तुमच्या कामाचं आता. गिऱ्हाईक कंपनी सांगते, वर्षाला लाख पार्ट लागतील. त्या आकड्यावर आपण भाव देतो, डाय (साचे) बनतात, लाइन उभी राहते. मग ऑर्डर येते पाव हिश्शाची, आणि एका गुरुवारी दोन ओळींचा मेल: प्रोग्राम पॉज, म्हणजे त्या गाडीचं काम थांबवलं. खर्चाच्या भरपाईची भांडणं पुढे महिनोन्‌महिने चालतात, पण व्हेंडरमार्फत (माणसं पुरवणाऱ्या कंपनीतर्फे) आलेल्या इंजिनिअरचा बॅज शुक्रवारीच बंद होतो. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस. अमेरिकन कंपनी कशी हात झटकते हे तळेगावला वेगळं सांगायला नको: जीएमने २०१७मध्ये भारतात विक्री थांबवली, २०२०मध्ये तिथलं उत्पादनही, आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे.

तेव्हा पगाराआधी हे विचारा: हाउजिंग कुठल्या गाडीचं? ऑर्डर पक्की झालीय की अजून कोटेशनच चाललंय? उत्पादन कधी सुरू होणार? नोकरी थेट कंपनीची की व्हेंडरची? आणि व्हिसा एच-वन-बी असेल, तर सप्टेंबर २०२५पासून परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठी लावलेली एक लाख डॉलरची फी ते भरणार आहेत ना? (पगाराचा हिशेब करताना गाडीचा विमा धरा, मिशिगनमध्ये तो भयंकर महाग आहे.)

हाउजिंग हायब्रिडचं असेल आणि नोकरी थेट असेल, तर खुशाल या. पूर्ण इलेक्ट्रिक पिकअपचं निघालं, तर लेखी उत्तर हातात पडेपर्यंत चाकणला राजीनामा देऊ नका.