मुक्काम हलवायचा नाही

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. शनिवारी पहाटे मुलुंडहून निघून शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि रविवारी परतताना भीमाशंकर. वर विचारतोस, "काही राहिलं का?" अरे, बायको राहिली! तिने दोन दिवस शेताजवळ निवांत मागितलेत आणि तू तिला गाडीतच बसवून ठेवणार आहेस.

जुन्नरला जा, पण मुक्काम हलवायचा नाही. दोन रात्री, एकच घर. कल्याणहून मुरबाड-माळशेजमार्गे एसटी आहे. शनिवारी पोचलात की त्या दिवशी काहीही बघायचं नाही. फक्त ज्या घरी उतराल तिथल्या बाईंना दुसऱ्या दिवसाच्या मासवडीचं सांगून ठेव. ती ऐनवेळी होत नाही. बेसन घोटून, ओल्या फडक्यावर गरम गरम थापून, तीळ-खोबरं-लसणाचं सारण घालून फडक्यासकट वळावं लागतं. बेसन निवलं की वळताना चिरतं. बाईंची हरकत नसेल तर तुम्ही दोघंही चुलीपाशी बसा.

रविवारी उजाडताच द्राक्षबागेत जा, मालकाला आदल्या दिवशी विचारूनच. फेब्रुवारीत काढणी चालू असते आणि ऊन चढायच्या आत घड उतरवतात. घडाच्या टोकाचा मणी खाऊन बघ. तो सगळ्यात शेवटी पिकतो, तो गोड असेल तर घड तयार. तोडल्यावर द्राक्षाची गोडी वाढत नाही, त्यामुळे आंबट घड घरी ठेवून उपयोग नाही. शेवटची फवारणी कधी झाली, हेही मोकळेपणाने विचार.

मग एक शिवनेरी. सात दरवाजे सावकाश चढा. लेण्याद्री जवळ आहे म्हणून त्याच दिवशी उरकू नकोस. जवळ आहे, जवळ आहे करतच मी आयुष्यभर पळालो आणि सोबतीचं माणूस दमलंय, हे मला परतीच्या वाटेवर कळायचं. म्हणून हट्टाने सांगतोय. लोक म्हणतात, एवढ्या लांब जाऊन एकच किल्ला? म्हणू देत. मुक्काम हलवायचा नाही म्हणजे नाही!

अंधार पडल्यावर मात्र उसाच्या कडेने फिरायचं नाही. या तालुक्यात बिबटे आहेत. अंगणातून बाहेर पडायचंच झालं तर बॅटरी घ्या, मोठ्याने बोला आणि शेताच्या कडेला वाकू किंवा बसू नका.

येताना द्राक्षं पसरट खोक्यात, कागद घालून, एकाच थरात आण. थरावर थर आला की खालचे मणी फुटतात आणि रस लागून बाकीचेही नासतात. मण्यांवरचा पांढरा मेणासारखा थर धुऊ नकोस, त्याच्यामुळे ओलावा टिकतो. द्राक्षं खायच्या वेळीच धुवायची.

सोमवारची रजा आजच टाक.