शेजारच्या विद्युतभारामुळे क्वांटम डॉटच्या प्रकाशावर नेमका काय परिणाम होतो? तो नॉइज कमी कसा करावा?

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा नॅनोमीटरमध्ये मोजावा एवढा कण, उत्तेजित केला की ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. थोडक्यात सांगायचं तर शेजारच्या भारामुळे तो रंग जागेवर राहत नाही, हाच नॉइज. डॉटजवळच्या अशुद्धीत किंवा थरांच्या सीमेवर अडकलेला इलेक्ट्रॉन सुटला, नवा येऊन बसला, की डॉटवरचं विद्युतक्षेत्र बदलतं आणि स्टार्क परिणामाने, म्हणजे विद्युतक्षेत्रामुळे, उत्सर्जनाची ऊर्जा (म्हणजेच रंग) सरकते. इंडियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये उत्तेजित अवस्था साधारण 1 नॅनोसेकंद टिकते. त्या हिशोबाने स्पेक्ट्रममध्ये दिसणाऱ्या त्या रंगाच्या रेषेची रुंदी 1 मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत हवी. मिळते ती बहुतेकदा कितीतरी जास्त.

मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातला. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी 940 नॅनोमीटरजवळची रेषा सारखी नाचायची. ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला ऐकवलं गेलं, "अलाइनमेंट हलतेय. खेड्यातून आलेल्यांचा हात बसायला वेळ लागतो." महिनाभर मी आरशांचे स्क्रू आवळत बसलो. झोप उडाली होती.

दिवाळीत घरी आलो. हरभऱ्याला पाणी देणं सुरू होतं, रात्रीची थ्री फेज होती. ओसरीतला बल्ब मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा. मी होल्डर पाहायला उठलो तर बाबा म्हणाले, "बल्बाले काही नाही झालं रे. डीपीवर कोनं मोटर टाकली असन. शेजारचा बल्ब पाहून ये, तोही तसाच करते." शेजारचा पाहायचा, हे मला महिनाभर सुचलं नव्हतं!

परत गेल्यावर एकाच स्पेक्ट्रममध्ये दोन डॉट घेतले. अलाइनमेंट किंवा तापमान हलत असतं तर दोघांच्या रेषा सोबत सरकल्या असत्या. तसं झालं नाही. एका डॉटच्या एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन-होलची एक जोडी) आणि बायएक्सायटॉनच्या (दोन जोड्या) रेषा जोडीने उड्या मारत होत्या, दुसऱ्या डॉटच्या भलत्याच वेळी. मग 780 नॅनोमीटरच्या लेसरची पॉवर उतरवली. हा लेसर गॅलियम आर्सेनाइडमध्येच ढीगभर भार मोकळे करतो. पॉवर उतरली तसं नाचणंही कमी झालं. हात तोच होता, माझाच. आलेख दाखवले तेव्हा "बरं" एवढंच उत्तर आलं. आधीचे शब्द कोणी मागे घेतले नाहीत, आणि ते मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: वरून जोरात लेसर मारायचा आणि मग डॉटला किंवा पोराला नावं ठेवायची, हे चुकीचं आहे. डॉटच्या ऊर्जेलाच जुळणाऱ्या लेसरने उत्तेजित करा. डॉट पी-आय-एन डायोडमध्ये, म्हणजे व्होल्टेज लावता येणाऱ्या तीन थरांच्या रचनेत, असेल तर व्होल्टेज लावून त्याची भारस्थिती, म्हणजे त्यात किती भार आहे ते, धरून ठेवता येते. चांगल्या नमुन्यात 4 केल्विनला एवढ्याने खूप फरक पडतो.

एक राहिलं. सगळा दोष भाराचा नसतो, डॉटमधल्या अणुकेंद्रांच्या स्पिनचाही (त्यांच्या सूक्ष्म चुंबकत्वाचाही) नॉइज असतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं की भाराचा नॉइज संथ असतो, स्पिनचा जलद. त्यामुळे पाठोपाठ निघालेले दोन फोटॉन बरेच एकसारखे असू शकतात, पण दोन वेगळ्या डॉटचे फोटॉन जुळवताना हाच संथ नॉइज आडवा येतो. आणि तुमचे डॉट द्रावणातले, कॅडमियम सेलेनाइडचे असतील तर ते लुकलुकतातही. तिथे बऱ्याचदा डॉट स्वतःच भारित होतो, त्याला वरचे उपाय तसेच लागू पडत नाहीत.

पहिल्याच दिवसापासून दोन डॉटच्या रेषा एकत्र नोंदवा, तारीख आणि लेसरची पॉवर लिहून. ती वही लॅबमध्ये ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा.