पोरगी आजीलाच माय म्हणते, तिला परत गावाला पाठवू का?

ब्रॅम्प्टनहून एका ताईचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे, मी थोडक्यात सांगते. ताई मूळच्या दारव्हा तालुक्यातल्या, नवरा आधी कॅनडात गेला, मागून त्या गेल्या, पोरगी तिकडंच झाली. नवरा वेअरहाऊसला, या नर्सिंग होममध्ये, दोघांच्याही शिफ्ट, डेकेअरचा खर्च झेपेना, म्हणून दीड वर्षाच्या लेकराला गावी सासूबाईंजवळ आणून ठेवलं. ठेवलं होतं वर्षभरासाठी, पण नोकरी, कागदपत्रं, दुसरं बाळंतपण असं करता करता साडेचार वर्षं निघून गेली. मागच्या उन्हाळ्यात तिला घेऊन गेले. आता पोरगी सहाची आहे, आईला केसाला हात लावू देत नाही, जेवायला बोलावलं की ताट ढकलते, रात्री 'माय माय' करून रडते आणि ती माय म्हणजे आजी. आजीशी व्हिडिओ कॉल झाला की दोन तास रडते म्हणून ताईंनी कॉलच बंद केलेत. नवरा म्हणतो आईनं लाडावून ठेवलं, सासूबाई म्हणतात लेकरू सुकलं, परत आणून द्या. ताईंचा प्रश्न एकच, परत पाठवू का?

नाही ताई, परत पाठवू नका. आणि कॉल मात्र आजच सुरू करा. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील पण नाहीत, का ते सांगते.

तुम्हाला वाटते की आईजवळ आल्यावर पोरीचं तुटलेलं जुळलं. पोरीच्या बाजूनं पहा. दीड वर्षाची असताना तिची एक आई गेली, ती तिला आता आठवत पण नाही. मग तिनं दुसरी आई धरली, जिच्या कुशीत झोपली, जिच्या मागं मागं वावरात गेली, पऱ्हाटीच्या तासात बसून खेळली. आणि सहाव्या वर्षी तीही गेली, एका विमानात. म्हणजे तुमच्यासाठी ही भेट आहे अन् तिच्यासाठी दुसरी ताटातूट. परत पाठवाल तर तिसरी होईल, आणि मग लेकरू कोणालाच धरायचं सोडून देते.

लंडनच्या हॉस्पिटलात १९४० च्या दशकाच्या शेवटी जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं, जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञांसोबत काम करताना, ॲडमिट केलेली लहान लेकरं पाहिली, तेव्हा आईबापाला भेटायची परवानगी फार थोडी असायची. लेकरू आधी आकांत करायचं, मग गुमसुम व्हायचं, मग एकदम शहाणं झाल्यासारखं दिसायचं, सगळ्यांना वाटायचं रुळलं, आणि आई आली की तिच्याकडं पाहायचंच नाही, तोंड फिरवायचं. ते रुळणं नव्हतं, आतून दार लावून घेणं होतं. त्याच शहरात महायुद्धाच्या काळात लेकरांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ॲना फ्रॉइड यांनी लेकरांसाठी नर्सरी चालवल्या, तिथं त्यांना हेच दिसलं की बॉम्ब पडत असूनही आईजवळ राहिलेली लेकरं, सुरक्षित म्हणून लांब पाठवलेल्या लेकरांपेक्षा कमी विस्कटली. म्हणून तुमची पोरगी रडते, ताट ढकलते, हे मला चांगलं लक्षण वाटते, तिनं अजून दार लावलेलं नाही.

आणि धीर देणारी गोष्ट पण आहे. अमेरिकेत कॅरोला आणि मार्सेलो सुआरेझ-ओरोझ्को या संशोधकांनी १९९७ पासून पाच वर्षं, चीन, मेक्सिको, मध्य अमेरिका, हैती, डोमिनिकन रिपब्लिक इथून आलेल्या चारशेच्या आसपास लेकरांचा अभ्यास केला. त्यातली बहुतेक लेकरं स्थलांतराच्या काळात आई किंवा बाप किंवा दोघांपासून लांब राहिलेली होती. आईपासून जास्त वर्षं लांब राहिलेल्यांना सुरुवातीला उदासी, घाबरणं जास्त होतं, पण पाच वर्षांच्या शेवटी तो फरक बराचसा विरला होता. म्हणजे हे भरून येते, पण महिन्यात नाही, वर्षं लागतात. तुमच्याच भागात, टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीत, इव्हॉन बोर यांनी बाळाला आजी-आजोबांकडं चीनला पाठवणाऱ्या आईबापांवर काम केलंय, म्हणजे तुम्ही एकट्याच अशा नाही आणि वाईट आई तर मुळीच नाही.

आता रोजचं बोलू. सासूबाईंना निवांत फोन लावा, पोरगी जवळ नसताना, आणि विचारा की ती जेवायची कशी, झोपायची कशी, कोणत्या कुशीवर, काय ऐकत. लाजू नका यात. माझ्याकडं अशीच एक आई आली होती, तिचं लेकरू टेबलावर बसून काहीच खायचं नाही, आजीला विचारलं तर कळलं की ते खाली फरशीवर मांडी घालून बसायचं आणि आजी ज्वारीची भाकर गरम दुधात कुस्करून स्टीलच्या ताटलीत द्यायची, ताटली पण काठ चेपलेली. मग त्या आईनं टेबल सोडलं, स्वतः खाली बसली, भाकर कुस्करली, काही बोलली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी लेकरानं ताटली स्वतःहून पुढं केली. ज्वारीचं पीठ ब्रॅम्प्टनला इंडियन दुकानात मिळते, तुमच्या पोरीची तिथली ताटली सासूबाई कोणाजवळ तरी पाठवून देतील. केसाचं तसंच, आधी तिच्यासमोर तिच्या बाहुलीचे विंचरा, घाई नको.

मला मम्मी म्हण, आई म्हण, असा धोशा लावू नका, आजीला माय म्हणू द्या. आणि भाऊसाहेबांना सांगा, 'तिथं लाडावून ठेवलं' हे वाक्य घरात परत काढायचं नाही. पोरगी ते ऐकते आणि तिला कळते की हे लोक माझ्या मायला नावं ठेवतात, मग ती तुमच्याजवळ काऊन येईल? पहिलं वर्ष शिस्त बापानं आणि आईनं दोघांनीही जरा ढिली सोडावी, झोपायची वेळ अन् शाळा एवढं धरा, बाकी चालू द्या.

धाकट्याचं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलं पण मला तीच मोठी गोष्ट वाटते. दोन वर्षांचा भाऊ, तो कधी कुठं गेला नाही, तुमच्या मांडीवरच आहे. सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात सरळ हिशेब होतो, त्याला ठेवलं, मला दिलं. म्हणून तिला खरं सांगा, तिच्या वयाचं. 'तेव्हा आमच्याजवळ तुला सांभाळायला कोणी नव्हतं, आम्ही दोघं रात्री कामाला होतो, मायजवळ तू नीट राहशील म्हणून ठेवलं, लवकर आणायचं होतं, जमलं नाही, मला रोज तुझी आठवण यायची.' एवढंच. 'तुझ्यासाठीच केलं सगळं' असं म्हणू नका, ते लेकराच्या डोक्यावर कर्ज ठेवल्यासारखं होते. एकदा सांगून भागणार नाही, ती परत परत विचारेल, कधी भांडून विचारेल. आणि दिवसातली पंधरा-वीस मिनिटं तरी भावाशिवाय फक्त तिची ठेवा.

शाळेत बोलत नाही असं लिहिलंय. नवीन भाषेत गेलेली लेकरं काही महिने नुसती ऐकतात, ते चालते. पण तुमच्या ओंटारियो प्रांतातल्या बऱ्याच शाळांशी नवीन आलेल्या कुटुंबांना रुळायला मदत करणारे सेटलमेंट वर्कर जोडलेले असतात, ऑफिसात विचारा, आणि बाईंना सांगा की ही पोरगी नुसती नवीन नाही, आजीपासून तुटून आलेली आहे. जेवण, झोप सतत बिघडलेली राहिली, वजन उतरायला लागलं, स्वतःला मारून घ्यायला लागली, किंवा रडणं थांबून एकदम थंड झाली, तर फॅमिली डॉक्टरकडं जायला उशीर करू नका, त्यांच्याकडून लेकरांच्या काऊन्सेलरचा रेफरल घ्या.

जे अजून पाठवायचा विचार करताहेत त्यांना सांगते, जमत असेल तर लेकरू गावी आणण्यापेक्षा आजीला तिकडं न्या. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील, आजी-आजोबांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते, त्यांचा विमा आणि तुमचं ठराविक उत्पन्न दाखवावं लागते. वावर कोण पाहील हा प्रश्न खराच आहे, मी काही तो हलका समजत नाही. पण पाठवावंच लागलं तर परतीचा काळ लेकराला कळेल असा ठरवा आणि पाळा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे, तिथले लोक थंडीत शहरोशहरी स्वेटर विकायला जातात आणि लोसारच्या, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाच्या, आसपास परततात. तसा एक सण ठरलेला असला की लेकराला धरायला काहीतरी असते.

राहिल्या सासूबाई. पॉलिन बॉस नावाच्या बाईंनी अमेरिकेत आयुष्यभर अशा दुःखावर काम केलं ज्यात माणूस मेलेलं नसते पण जवळही नसते, म्हणून त्याच्यासाठी रडायला कोणी येत नाही. तुमच्या सासूबाईंचं तेच झालंय, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तिथंच कोनाड्यात असेल आणि शेजारची बाई म्हणत असेल, बरं झालं, सुटल्या. त्यांचं 'परत आणा' हे तुमच्यावरचं बोलणं समजू नका. शनिवारी तुमचे सकाळचे आठ म्हणजे इकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच, थंडीत साडेसहा, तो कॉल पक्का करा, पाऊण तास, मध्ये कापायचा नाही. नंतर पोरगी रडली तर रडू द्या, जवळ बसा, 'मायची आठवण येते ना, मला पण येते' एवढं म्हणा. आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की पोरीसमोर 'ये परत' म्हणायचं नाही, त्याऐवजी म्हणायचं, तुझी मम्मी विंचरून देईल ते विंचरून घे, मी पुढच्या शनिवारी पाहीन वेणी कशी झाली ते.