पार्किंगचं तोंडी कबूल केलं, करारात मात्र नाही

प्रश्न: सोलापूरच्या मुरारजी पेठेत अकरा महिन्यांसाठी फ्लॅट भाड्याने घेतला. 'खाली कार लावा, आपलीच जागा आहे,' असं मालकांनी फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीकडे झाला. त्यात पार्किंगचा उल्लेख नाही. आता सोसायटीने साखळी लावली आहे, जागा दुसऱ्याच सभासदाची निघाली. मालक म्हणतात, 'भाडं फ्लॅटचं आहे.' भाड्यातून पैसे कापू का? पोलिसांत जाऊ का? (एक वाचक भगिनी)

ताई, भाडं कापू नका. भाडं थकलं की पार्किंगचं भांडण बाजूला पडतं आणि थकबाकीचं सुरू होतं. मालकाला तेच सोयीचं. पूर्ण भाडं बँकेतून भरा आणि दर महिन्याला 'पार्किंगचा हक्क राखून भरत आहे' एवढा मेसेज टाका.

करार फक्त नोटरीकडे झाला, नोंदवलेला नाही म्हणून तुम्ही घाबरलेल्या दिसता. घाबरायला हवं मालकांनी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे एजंटांनी घट्ट करून ठेवलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. 'पार्किंगसह घर' हे तुमचं म्हणणं, सोबत त्यांचाच मेसेज. तो फोनमधून पुसू नका; कोर्टात मेसेज दाखल करताना विहित प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील.

पण हे सगळं मालकाविरुद्ध. सोसायटीशी भांडून साखळी निघणार नाही. सोसायट्यांच्या नमुना उपविधींनुसार (नियमावलीनुसार) पार्किंगचं वाटप सोसायटी करते, आणि वाटप झालेल्या सभासदालाही ती जागा विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तुमच्या मालकांकडे तर ती जागा नव्हतीच. उघडं आणि स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. त्यामुळे मालक 'बिल्डरकडून घेतलंय' म्हणाले तर सोसायटीचं वाटपपत्र मागा.

पोलिसांत जाऊन फारसं हाती लागणार नाही. फसवणूक ठरवायला सुरुवातीपासूनचा खोटा हेतू दाखवावा लागतो. ठाण्यात 'हे दिवाणी आहे' म्हणतील. मात्र चिडून मालकांनी पाणी किंवा वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे; ते अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं. पार्किंग त्या अत्यावश्यक सेवांत मोडत नाही.

मग मागायचं काय? पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस द्या. तिच्यात तीन पर्याय ठेवा: सोसायटीच्या संमतीने दुसरी जागा, किंवा भाडं कमी केल्याचं लेखी पत्र, किंवा लॉक-इनची (ठरावीक काळ घर न सोडण्याची) अट न लावता घर सोडण्याची मुभा आणि पूर्ण अनामत परत. बाहेर पैसे देऊन गाडी लावत असाल तर पावत्या जपा, भरपाईचा आकडा त्यांवरूनच ठरेल. जानेवारीत गड्डा यात्रा भरली की तुमच्या भागात रस्त्यावर गाडी लावणं विसरा, म्हणून हे आत्ताच करा.

नोटीसीला उत्तर आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व तडजोडीचा अर्ज द्या. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.