वाचकांचे प्रश्न : खताने जिवाणू मरतात का?

प्रश्न : वीस वर्षे शेतात फक्त रासायनिक खतेच पडली. जिवाणू संपले, असे सगळे म्हणतात. खरे काय?

उत्तर : संपत नाहीत, पण कोण टिकते आणि किती जगतात हे बदलते. खताच्या दाण्याभोवती काही दिवस क्षार आणि अमोनिया वाढतो, त्याचा त्रास तेवढ्यापुरताच. खरे नुकसान आम्लतेने आणि उपासमारीने होते, तेही सावकाश.

खतातल्या अमोनियमचे (नत्राचे एक रूप) नायट्रेट (नत्राचे दुसरे रूप) जिवाणूच करतात आणि त्यात आम्ल तयार होते. अमोनियम सल्फेटमधून १ किलो नत्र दिले, तर ते आम्ल मारायला साधारण ५.४ किलो शुद्ध चुनखडी लागते. युरियाच्या नत्रामागे सुमारे १.८ किलो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्रात १८५६ पासून गवताचा एक प्रयोग चालू आहे. तिथे अमोनियम सल्फेट मिळालेल्या पण चुना न मिळालेल्या तुकड्यांचा सामू (pH, आम्लतेचे माप; जितका कमी तितकी माती आम्ल) ४ च्या खाली उतरला आणि मेलेले गवत कुजेनासे होऊन वर थर साचला. त्याच केंद्रातल्या १८४३ पासूनच्या गव्हाच्या शेतात प्रयोगाआधीच भरपूर चुनखडी पडलेली होती, म्हणून सामू टिकला. तरीही दरवर्षी शेणखत पडणाऱ्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब नुसत्या रासायनिक खताच्या तुकड्यांच्या दुपटीहून जास्त आहे. जिवाणूंचे अन्न म्हणजे हा कर्ब. नत्र कितीही ओतले तरी त्याची जागा घेत नाही.

म्हणून आधी सामू आणि सेंद्रिय कर्ब तपासा. शेतात नागमोडी चालत १०-१५ ठिकाणी १५ सेंमी खोल माती घ्या. बांध, उकिरडा आणि नुकतेच खत पडलेली जागा टाळा. माती एकत्र करा, अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. (जिवाणूंची मोजणी करायची असेल तर मात्र नमुना वाळवू नका, ओलसर, थंड ठेवून लगेच पोहोचवा.) सामू ५.५ च्या खाली असेल तरच चुना, तोही प्रयोगशाळेने सांगितला तेवढा. चुना आणि अमोनियमचे खत एकाच वेळी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर फेस आला, तर मातीत चुनखडी आहेच, तिथे चुना नकोच.

काड गाडणार असाल तर पेरणीच्या काही आठवडे आधी गाडा. गव्हाच्या काडात नत्राच्या सुमारे ८० पट कर्ब असतो. तो खाताना जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. पुष्कळांना हा रोग वाटतो.

प्रश्न : मग रायझोबियमचे (कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू) पाकीट पुरेल का?

उत्तर : आम्लधर्मी जमिनीत पुरणार नाही, आधी सामू सुधारा. शिवाय कडधान्याला नत्राचा भरघोस डोस दिला तर मुळे गाठीच धरत नाहीत. फुलोऱ्यात रोप ओढू नका, मातीसकट खणून काढा आणि गाठ चिरून पाहा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. पांढरी वा हिरवट असेल तर नाही.