स्टार्ट लाइनच्या अलीकडे : वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

या महिन्यात निम्मी पत्रं बुटांची आहेत. सगळ्यांना मिळून एकच सांगते: ज्या बुटांनी सरावात एकही लांब पल्ला पाहिला नाही, ते शर्यतीच्या दिवशी पायात नकोत. आता बाकीची पत्रं.

माझी मुलगी 20 वर्षांखालील गटात 10 किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत उतरते. राज्य स्पर्धेत आठव्या किलोमीटरपर्यंत दुसरी होती, मग तिला बाद केलं. तीन लाल कार्डं म्हणे. ती रडत सांगते, "मला कुणी लाल कार्ड दाखवलंच नाही." हा अन्याय नाही का?
— एक वडील, सांगली जिल्हा

दादा, आधी तिची समजूत काढा, तक्रारअर्ज नंतर लिहा. पंच लाल कार्ड खेळाडूला दाखवतच नाही. तो दाखवतो पिवळी पाटी. तिच्यावर नागमोडी रेघ असेल तर अर्थ असा की दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटताहेत. कोन काढलेला असेल तर गुडघा वाकतोय. ही झाली ताकीद. लाल कार्ड पंच लिहून मुख्य पंचाकडे पाठवतो आणि त्याची खूण रस्त्याकडेच्या फळ्यावर लागते. एक पंच एका खेळाडूला एकच लाल कार्ड देऊ शकतो, म्हणजे तीन कार्डं ही तीन वेगवेगळ्या माणसांची मतं असतात. मोठ्या स्पर्धांत आता तिसऱ्या कार्डाला थेट घरी पाठवत नाहीत, पेनल्टी झोनमध्ये उभं करतात. 10 किलोमीटरला एक मिनिट, 20 ला दोन. चौथं कार्ड आलं की बाद. जिथे हा झोन ठेवलेला नसतो तिथे तिसऱ्यालाच खेळ संपतो. तुमच्या मुलीचं तेच झालं.

म्हणून पहिलं काम: दर फेरीला फळ्याकडे नजर टाकायची सवय. सरावात मी मैदानाच्या कोपऱ्यात पाटी टांगते आणि मधेच खडूने खूण करते. ज्या मुलीला फेरी संपल्यावर ती सांगता येत नाही, तिची ती फेरी पुन्हा.

आता खरा प्रश्न: कार्डं आठव्या किलोमीटरनंतरच का आली? तुम्ही पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात, "स्पर्धेच्या पाच दिवस आधी तिने पूर्ण 10 किलोमीटर जोरात मारून बघितले, वेळ छान आली." दादा, शर्यत तिथेच झाली तिची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः चालायचे तेव्हा एका निवड चाचणीच्या सहा दिवस आधी मला राहवलं नाही. सकाळी थंड होतं, पाय हलके वाटत होते, म्हटलं बघू तरी कुठवर आलोय. घड्याळ पाहून खूश झाले. चाचणीत 14 किलोमीटरपर्यंत सगळं ठीक होतं, मग मांडीच्या मागची शीर धरल्यासारखी झाली. तिथून पुढे पाऊल पडताना गुडघा सरळ होईना. नियम असा आहे की पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून तो शरीराखाली उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. ताजी मांडी हे आपोआप करते, थकलेली करत नाही. 17 व्या किलोमीटरला तिसरं कार्ड. मला पळवून लावल्यासारखं वाटलं होतं, पण तिन्ही पंच बरोबर होते.

शेवटच्या दोन आठवड्यांत ताकद वाढत नाही, फक्त थकवा उतरतो. या काळात मी एकूण अंतर जवळपास निम्म्यावर आणते, वेग मात्र काढून घेत नाही: एक-एक किलोमीटरचे तीन-चार तुकडे शर्यतीच्या वेगाने, मधे भरपूर विश्रांती. खेळाडूला चौथ्या दिवशी चुळबुळ होते, "ताई, मी सुस्तावतेय" म्हणते. चुळबुळ होऊ द्यायची. पोरीला घरी बसवून ठेवणं हे त्या पंधरवड्यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते बहुधा आईवडिलांनाच करावं लागतं.

तंत्राचं म्हणाल तर मोबाइल जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, बाजूने, स्लो मोशनमध्ये. पण चित्रण सरावाच्या सुरुवातीला नको, शेवटच्या किलोमीटरला करा. ताजेपणी सगळ्यांची चाल सुंदर असते. टाच शरीराच्या फार पुढे पडत असेल तर पाऊल आखूड करून संख्या वाढवायची. 20 किलोमीटर 1 तास 20 मिनिटांत चालणारा पुरुष म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं. लंडन 2012 मध्ये आपला के. टी. इरफान 1:20:21 मध्ये दहावा आला होता. हा वेग लांब ढांगांनी येत नाही, मिनिटाला दोनशेच्या आसपास पावलांनी येतो. गुडघ्यासाठी हलका चढ चांगला. उतारावर मात्र वेगाचा सराव नको, तिथे वाईट सवयी लागतात. खांदे वर चढले आणि हात छातीच्या वर जायला लागले की डोकं वर-खाली होतं. पंचाला लांबून आधी तेच दिसतं आणि मग तो पायांकडे बघतो. त्याच्याकडे कॅमेरा नसतो, निर्णय नुसत्या डोळ्यांनी द्यायचा असतो. तेव्हा चाल स्वच्छ असून भागत नाही, ती स्वच्छ दिसावीही लागते. कुणाला मागे टाकताना आणि शेवटच्या फेरीत कार्डं जास्त येतात, कारण तिथेच पोरं पळायला लागतात.

मी 10 हजार मीटर धावतो. राष्ट्रीय स्पर्धेआधी दहा दिवस महाबळेश्वरला खोली घेऊन सराव करायचा विचार आहे. उंचीवर रक्त वाढतं असं ऐकलं. खर्च वीस हजारांवर जातोय. करू का?
— एक धावपटू, सातारा

स्ट्रॉबेरी खायला जा, रक्त वाढवायला नको.

उंचीचा उपयोग साधारण 1,800 ते 2,500 मीटरच्या पट्ट्यात होतो. केनियातलं इतेन 2,400 मीटरवर आहे, कोलोराडो स्प्रिंग्ज 1,800 च्या घरात, आपली उटी 2,240 च्या आसपास. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, तेही 1,646. म्हणजे सह्याद्री कितीही प्रिय असला तरी या कामाला तो बुटका पडतो. दुसरी गोष्ट दिवसांची. विरळ हवेत मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत रक्तपेशी वाढवण्याचा निरोप धाडतात, पण पेशी प्रत्यक्ष वाढायला तीन-चार आठवडे लागतात. दहा दिवसांत तुम्हाला फक्त धाप मिळेल. तिसरी गोष्ट, अंगात लोह नसेल तर निरोप येऊन उपयोग काय? उटीचं तिकीट काढण्याआधी फेरिटिनची, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करा. माझ्याकडे येणाऱ्या शाकाहारी मुलांमध्ये ते बऱ्याचदा तळाला असतं. मटकीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

वीस हजार वाचले. आता आपल्याकडे फुकट काय आहे ते सांगते: ऊन. मोठ्या स्पर्धांत ते उंचीपेक्षा जास्त माणसं पाडतं. दोहा 2019 च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन रात्री 12 ला एक मिनिट असताना सुरू केली, तरी 68 पैकी 28 जणी शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन आणि चालण्याच्या शर्यती उकाड्यामुळे साप्पोरोला हलवल्या, आणि तिथेही एवढं तापलं की महिलांची मॅरेथॉन सातऐवजी सहाला सुरू करायचं आदल्या संध्याकाळी ठरलं. विचार करा, पहाटेचा नाश्ता, झोप, शौच, सगळं एक तास अलीकडे. म्हणून माझ्या मुलांना शेवटच्या महिन्यात शर्यतीच्या वेळेला उठवते, आणि एकदा न सांगता तासभर आधी.

उन्हाची सवय 10 ते 14 दिवसांत लागते. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, नाडी थोडी उतरते. मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यासाठी भर दुपारी इंटरव्हल, म्हणजे विश्रांती घेत जोराचे तुकडे, मारायचे नाहीत. तासभर हळू धावणं पुरे, अवघड सराव पहाटेच. सोबत कुणीतरी हवं आणि गरगरलं की थांबायचं. सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. एक किलो कमी म्हणजे सुमारे एक लिटर घाम. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यालात, आणि तेही धोक्याचं आहे. ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागते, त्यामुळे मे महिन्यातलं ऊन नोव्हेंबरच्या स्पर्धेला कामाला येत नाही.

अविनाश साबळे आमच्या बीड जिल्ह्याचा. 3,000 मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, राष्ट्रीय विक्रम तो इतक्यांदा मोडतो, मग ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत मागे का पडतो?
— एक शिक्षक, आष्टी

गुरुजी, "मागे" हा शब्द मला मान्य नाही, पण प्रश्न चांगला आहे. विक्रमाची शर्यत आणि पदकाची शर्यत या दोन वेगळ्या शर्यती आहेत. टोकियोत त्याने हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, 8:18.12 चा राष्ट्रीय विक्रम केला आणि तरी बाहेर राहिला, कारण त्याची हीट वेगवान निघाली. तिसऱ्या हीटमधून पहिल्या तीन क्रमांकांवर जे पुढे गेले ते त्याच्यापेक्षा हळू धावले होते! 2022 मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत उलट झालं. अंतिम फेरी रांगत रांगत सुरू झाली, सुफियान अल बक्कालीने 8:25.13 मध्ये सुवर्ण नेलं आणि अविनाश 8:31.75 मध्ये अकरावा. त्याची स्वतःची उत्तम वेळ तेव्हा 8:12.48 होती. एका लयीत जोरात जाणाऱ्याला असं थांबत-सुटत जाणं जड जातं. शेवटची फेरी वेगळ्याच शर्यतीची असते, त्यात अडथळे आणि पाण्याचा खड्डा.

पण पुढचं बघा. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20, सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी हुकलं. 1998 पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता, ती रांग मांडवा गावच्या या पोराने तोडली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने कुणाची वाट न पाहता पुढे राहून 8:19.50 मध्ये सुवर्ण घेतलं, कारण तिथे तेच शहाणपणाचं होतं. पॅरिसला हीटमधून पहिले पाच जाणार होते, तो बरोबर पाचवा आला. आमच्या साताऱ्याची ललिता बाबर आठवते? रिओ ऑलिंपिकमध्ये हीटमध्येच 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली. दोन दिवसांनी अंतिम फेरीत 9:22.74, दहावी. दोन दिवसांत दोनदा जीव काढणं हेच मोठ्या स्पर्धेचं गणित आहे. तुमच्या शाळेतल्या मुलांनाही शनिवारी-सोमवारी अशा दोन शर्यती लावा, आणि पहिलीत फक्त "पहिल्या पाचांत या" असं सांगा. त्यांना ते फार अवघड जाईल.

मुलगी लांब पल्ल्याची धावपटू, वय 19. पाच महिने पाळी नाही. प्रशिक्षक म्हणाले, सराव जोरात असला की असं होतंच.
— एक आई, नाशिक

ताई, होतं हे खरं, पण चालतं असं नाही. सरावाला पुरेल इतकं अन्न पोटात जात नाही, म्हणून शरीराने एकेक दिवा मालवायला सुरुवात केली आहे. पुढचा नंबर हाडांचा. पायाच्या हाडाला बारीक चीर गेली की हंगाम गेला. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. शक्य असेल तर खेळाडू पाहणाऱ्या डॉक्टरांकडेही. आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासात तिच्या हातात डबा असू द्या, भाकरी, अंडं किंवा उसळ, काहीही. "घरी जाऊन जेवते" नको.

जिमवाल्याने एक पावडर दिली आहे, "नॅचरल" लिहिलंय. घेऊ का? डब्याचा फोटो सोबत.
— एक वॉकर, कोल्हापूर

नको. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, तपासणीत काही सापडलं तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, शरीरात जे आहे त्याची जबाबदारी तुझी. फोटो मोठा करून पाहिला. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, पूर्ण घटकांची यादीही नाही. सील फोडलं नसशील तर उद्याच परत कर आणि पैसे माग.