नागिणीची लस ६८ वर्षांच्या आईला द्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आईचं वय ६८, मधुमेह आहे, शेजारच्या काकूंचे हाल बघून त्या धास्तावल्या आहेत. डॉक्टरांनी नागिणीची लस सुचवली, पण दोन डोसांचा खर्च वीस हजारांच्या घरात. शिवाय लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की नाही ते त्यांना आठवत नाही. अशा वेळी लस द्यावी का?

पैशांची सोय होत असेल तर द्या. मी डॉक्टर नाही. पण माझ्या वडिलांची नागीण मी जवळून काढली आहे आणि त्यानंतर पन्नाशी ओलांडलेल्या मी स्वतः दोन्ही डोस घेतले आहेत. त्या आधारावर सांगते.

अण्णा तेव्हा ७१ वर्षांचे होते. एके दिवशी डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी वाटलं गॅस, मग छातीची भीती वाटली म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटाकडे लाल चट्ट्यांचा पट्टा उठला आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड आले. मावशीने बघताक्षणी सांगितलं, ही नागीण. जवळच्या गावात एक जण नागीण उतरवतात, त्यांच्याकडे आम्ही अण्णांना घेऊन गेलो. त्यांनी मंत्र म्हटला, गेरूचा लेप दिला आणि तोंड-शेपूट जुळू देऊ नका म्हणून बजावलं. या सगळ्यात आणखी चार दिवस गेले. त्वचारोगतज्ज्ञांकडे पोचलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘पुरळ येऊन किती दिवस झाले?’ उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प बसले. ती शांतता मी अजून विसरलेली नाही.

फोड तीन आठवड्यांत सुकले, खपल्या पडल्या. दुखणं मात्र आठ महिने राहिलं. बनियनचं कापड लागलं तरी अण्णा कळवळायचे. पंख्याचा वारा सहन व्हायचा नाही. रात्री पाठ टेकता येत नसे म्हणून उशा लावून खुर्चीतच बसायचे. उभ्या आयुष्यात कुणापुढे रडले नाहीत, ते माझ्यासमोर रडले. याला डॉक्टर नागिणीनंतरचं मज्जातंतूचं दुखणं म्हणतात. पुरळ बरं झाल्यावरही वेदना तीन महिन्यांहून जास्त राहिली तर हे नाव देतात. वय जितकं जास्त, तितका त्याचा धोका जास्त. त्यावर प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी औषधं असतात, पण अण्णांना त्यांनी दिवसभर गुंगी यायची आणि वेदना अर्धीच कमी व्हायची.

म्हणून माझं म्हणणं असं की लसीचा विचार करताना डोळ्यांसमोर फोड आणू नका. फोड जातात. हे मागे उरणारं दुखणं टाळायला ही लस आहे.

आता थोडं मुळाशी जाते, कारण कांजिण्यांबद्दलच्या तुमच्या शंकेचं उत्तर तिथे आहे. नागीण बाहेरून येऊन चिकटत नाही. कांजिण्यांचा जो विषाणू तोच हा. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीर सोडत नाही, कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय, मधुमेह, कर्करोगाचे उपचार, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड यांनी प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. एडगर होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये ही मांडणी केली. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो, म्हणून पट्टा मधल्या रेषेशी येऊन थांबतो. तोंड आणि शेपूट जुळून माणूस दगावतो ही भीती आपल्याकडे घरोघर आहे, पण एरवी ते जुळतच नाही. पुरळ दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरलं तर प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे असं समजायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. आणि मंत्राने नागीण उतरली असं लोक शपथेवर का सांगतात? कारण पुरळ दोन ते चार आठवड्यांत आपोआपच बरं होतं. उतरवणाऱ्यांवर माझा राग नाही. राग आहे तो गेलेल्या दिवसांवर.

आईंना कांजिण्या आठवत नाहीत, तरी काही बिघडत नाही. त्यांच्या पिढीत बहुतेकांना त्या कधी ना कधी येऊन गेलेल्या असतात, काहींना इतक्या सौम्य की घरच्यांच्या लक्षातही राहिल्या नाहीत. लसीआधी रक्ततपासणीची गरज नसते. मात्र लहान मुलांना देतात ती कांजिण्यांची लस वेगळी. ‘तीच स्वस्तात देऊन टाकू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, नागिणीसाठी ती चालत नाही.

भारतात २०२३ पासून मिळते ती शिंग्रिक्स. ५० वर्षांवरच्या सगळ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या १८ वर्षांवरच्यांनाही ती देतात. यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन आहे आणि प्रतिकारशक्तीला जोराने जागं करणारं एक मिश्रण आहे. त्या मिश्रणातला एक घटक चिली देशातल्या क्विलाजा झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यासारखीच फेस देणारी ती साल. मला हे वाचून फार नवल वाटलं होतं.

परिणाम किती? मोठ्या चाचण्यांमध्ये ५० वर्षांवरच्यांत तिने नागीण सुमारे ९७ टक्के रोखली, सत्तरीनंतरच्यांत सुमारे ९० टक्के. वय वाढलं की लसी बहुधा मंदावतात, म्हणून हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. अकरा वर्षांपर्यंत केलेल्या पाठपुराव्यातही संरक्षण बऱ्यापैकी टिकलेलं दिसलं. याआधीच्या जिवंत विषाणूच्या लसीचा परिणाम साठीनंतर जेमतेम निम्मा होता, अमेरिकेत तिची विक्री २०२० मध्ये थांबली. वेल्समध्ये ती जुनी लस मिळालेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश कमी आढळला, असा अभ्यास २०२५ मध्ये आला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. आशादायक आहे, पण तेवढ्यासाठी लस घ्या असं मी म्हणणार नाही.

त्रास होतो का? होतो, आणि तो आधी माहीत असलेला बरा. पहिल्या डोसनंतर माझा दंड दोन दिवस वर उचलवत नव्हता. दुसऱ्यानंतर रात्री कणकण, अंगदुखी, दुसऱ्या दिवशी नुसतं पडून राहावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेले. बहुतेकांना असंच दोन-तीन दिवस होतं. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरून त्या दुसरा डोस टाळतील. फार क्वचित, दहा लाख डोसांमागे काही थोड्या जणांना, गिलॉं-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाल्याचं अमेरिकेच्या नियामकांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे. आईंना तो आजार पूर्वी झाला असेल किंवा एखाद्या लसीची जबर ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन यासाठी थांबवायचं नसतं.

आता पैशांचं. सरकारी लसीकरणात ही लस नाही, खर्च आपल्याच खिशातून. ज्या घरात महिन्याची इन्सुलिनच ओढाताण करून येते, तिथे आधी साखर आटोक्यात ठेवण्यावर पैसा लावावा असं माझं प्रामाणिक मत आहे. कर्ज काढून लस घेऊ नका. पण दोघा-तिघा भावंडांनी वाटून घेण्याजोगी रक्कम असेल तर मागेपुढे बघू नका. अण्णांच्या आठ महिन्यांत तपासण्या, औषधं, रिक्षा आणि माझी बुडालेली रजा यांत यापेक्षा जास्त गेलं. त्यांची झोप तर मोजतच नाही.

लस घ्या अथवा न घ्या, एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. अंगाच्या एकाच बाजूला आग, टोचणी, आणि मागोमाग फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टर. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर हे या विषाणूवरचं औषध पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर सगळ्यात उपयोगी पडतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका. फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तातडीने जा, नजर जाऊ शकते. कानाभोवती फोड आणि तोंड वाकडं झालं तरीही थांबू नका.

शेजारच्या काकूंकडे आईंनी जायला हरकत नाही, त्यांच्यापासून आईंना नागीण होणार नाही. पण ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा खपल्या धरेपर्यंत काकूंनी फोड झाकून ठेवावेत आणि गरोदर बाई किंवा तान्ह्या बाळाला जवळ घेऊ नये.

लस घ्यायचं ठरलं तर फ्रीजची नीट व्यवस्था असलेल्या ठिकाणीच घ्या. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, त्यामुळे उन्हातान्हात पिशवीतून आणून टोचवू नका. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांत असतो. आम्ही तो गाठायला भिंतीवरच्या कालनिर्णयात आधीच गोल करून ठेवला होता. समजा उशीर झालाच, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा. आणि अण्णांनाही, सगळं शमल्यावर डॉक्टरांना विचारून, आम्ही ही लस दिली. एकदा झालेली नागीण पुन्हा होऊ शकते, हे आम्हाला तेव्हा कुठे कळलं होतं.